डाव्या हातचा मळ नव्हे

मुष्टियुद्ध म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांच्या तोंडी एकच नाव येतं, महंमद अली. ज्यांनी आयुष्यात मुष्टियुद्धाची एकही लढत पाहिली नाही, त्यांनाही ते ठाऊक असतं. पण व्यावसायिक रिंगणात अलीला पहिल्यांदा हरवलं कोणी, असं विचारलं तर पुष्कळांना थोडं थांबावं लागतं. आज मी बोलणार आहे तो त्या माणसाविषयी. त्याचं नाव जो फ्रेझर. सोप्या कामाला आपण 'डाव्या हातचा मळ' म्हणतो. या माणसानं जे मिळवलं ते जवळजवळ सगळं डाव्या हातानं मिळवलं, आणि त्यातलं काहीही सोपं नव्हतं.

फ्रेझरचा जन्म १२ जानेवारी १९४४ चा, अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यात, ब्यूफर्ट गावाजवळचा. रूबिन आणि डॉली या दांपत्याचं हे बारावं अपत्य. घरची जमीन दहा एकर, पण ती अशी की तिच्यात पीक कमी आणि घाम जास्त. त्यामुळे आईबाप आणि मुलं गोऱ्या जमीनदारांच्या शेतावर मजुरीला जात. वडील चोरून हातभट्टीही लावत. जो जन्मण्याआधी सुमारे वर्षभर एका भांडणात वडिलांना गोळी लागली आणि त्यांचा डावा हात कोपराखालून कापावा लागला. जो चालायला लागला तसा वडिलांच्या मागे मागे असे. त्यांना एका हातानं खिळा धरून त्याच हातानं ठोकता येत नसे. मग खिळा मुलानं धरायचा आणि हातोडा बापानं मारायचा. आपण वडिलांचा डावा हात होतो, असं फ्रेझर पुढे सांगत असे.

आता त्याच्या स्वतःच्या डाव्या हाताची गोष्ट. शेतावर सुमारे दीडशे किलोचं एक माजलेलं डुक्कर होतं. पोराटोरांच्या पैजेत जोनं त्याला काठीनं डिवचलं. कुंपणाचं दार उघडं राहिलं होतं. डुक्कर मागे लागलं, पोरगा पळता पळता पडला, हात विटेवर आपटला आणि मोडला. डॉक्टरला द्यायला पैसे नव्हते. हात घरच्या घरी बांधून बरा होऊ दिला गेला. तो बरा झाला, पण पुन्हा कधी पूर्ण सरळ झाला नाही. कोपरात कायमचा थोडा वाकलेलाच राहिला.

मुष्टियुद्धात 'हूक' नावाचा ठोसा असतो. सरळ ठोशात हात समोर फेकायचा असतो. हूकमध्ये कोपर वाकलेलं ठेवून, खांदा आणि कंबर फिरवून, बाजूनं जबड्यावर किंवा बरगडीवर मारायचं असतं. इतरांना हा कोन शिकावा लागतो. फ्रेझरचा हात त्या कोनातच जुळून आला होता. मी दैववादी माणूस नाही, आणि मोडक्या हातामुळे कोणी जगज्जेता होतो असं मला म्हणायचं नाही. तसं असतं तर हाडवैद्याच्या ओसरीवर रांगेनं विजेते बसलेले दिसले असते. मात्र त्या वाकड्या हाताचं त्यानं काय केलं, ते पाहण्यासारखं आहे.

१९५० च्या सुमारास घरात टीव्ही आला. आजूबाजूची माणसं संध्याकाळी मुष्टियुद्धाच्या लढती पाहायला जमायची. जोचा थोराड बांधा पाहून एका काकांनी सहज म्हटलं, की हा पोरगा पुढचा जो लुई होणार. मुलांना अशी वाक्यं आपण येताजाता ऐकवतो आणि विसरून जातो. या मुलानं ते वाक्य मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यानं एक गोणपाट मिळवलं, त्यात चिंध्या, दाणे काढलेली मक्याची कणसं, झाडावरचं शेवाळ भरलं, मधोमध एक वीट ठेवली आणि ते पोतं झाडाला टांगलं. पुढची सहा-सात वर्षं जवळजवळ रोज त्या पोत्यावर तो ठोसे मारत राहिला. हाताला गुंडाळायला कधी वडिलांचा टाय, कधी मोजे. घरची माणसं हसायची. वस्ताद नाही, तालीम नाही, समोर प्रतिस्पर्धी नाही. नुसतं पोतं.

पंधराव्या वर्षी त्यानं गाव सोडलं. निमित्त घडलं ते शेतावर. बारा वर्षांच्या एका काळ्या मुलाच्या हातून ट्रॅक्टरची काही मोडतोड झाली आणि मालकानं त्याला कमरेच्या पट्ट्यानं फोडून काढलं. जोनं ते पाहिलं आणि इतर मजुरांना सांगितलं. मालकानं त्याला बोलावून दम दिला. पोरगा गप्प बसला नाही. उलट बोलला आणि त्याच दिवशी काम सुटलं. १९५० च्या दशकातला दक्षिण कॅरोलायना म्हणजे गोऱ्या मालकाला उलट उत्तर देणाऱ्या काळ्या पोरानं फार दिवस राहावं असा मुलूख नव्हता. आईनंही तेच सांगितलं. पैसे जमवून १९५९ मध्ये तो बसनं न्यूयॉर्कला भावाकडे गेला. तिथं काम मिळेना. मोटारी चोरून भंगारवाल्याला विकण्याचा उद्योगही त्यानं काही दिवस केला. ही गोष्ट त्यानं पुढे लपवली नाही. तिथून तो फिलाडेल्फियाला आला आणि एका कत्तलखान्यात कामाला लागला.

सांडलेलं रक्त झाडून नाल्यात ढकलायचं, मांस उचलायचं, थंडगार खोलीत लटकणाऱ्या धुडांमधून वाट काढायची, असं ते काम. आसपास कोणी नसलं की तो त्या लटकत्या मांसावर ठोसे मारी. गावाकडच्या पोत्यापेक्षा हे बरंच दणकट होतं. आणि शहरातल्या कलासंग्रहालयाच्या उंच पायऱ्या धावत चढून तो दम वाढवी. आपल्यापैकी काहींना हे ओळखीचं वाटत असेल. ते का, हे पुढे सांगतो.

तालमीत तो पोचला ते मात्र मुष्टियोद्धा होण्यासाठी नाही. अंगावर चरबी चढली होती, मांड्या पँटमध्ये मावेनात, म्हणून वजन उतरवायला तो पोलीस खात्याच्या युवक केंद्राच्या व्यायामशाळेत गेला. तिथं त्याला यँक डरहॅम भेटला. डरहॅम स्वतः मुष्टियोद्धा होऊ शकला नव्हता. तो रेल्वेत वेल्डर होता आणि फावल्या वेळात पोरांना शिकवायचा. त्यानं पाहिलं की या बुटक्या, जाडजूड पोराला पायांची हालचाल येत नाही, बचाव येत नाही, पण त्याचा डावा हात लागला की समोरच्याचा चेहरा बदलतो. मागे सरकणं हा प्रकार याला ठाऊकच नाही, हेही त्याच्या लक्षात आलं. ठोसे असे मार की हातमोज्यांतून धूर निघाला पाहिजे, असं तो फ्रेझरला सांगायचा. पुढे फ्रेझरच्या नावामागे लागलेलं 'स्मोकिंग' हे बिरुद तिथून आलं.

१९६२ पासून सलग तीन वर्षं फ्रेझरनं गोल्डन ग्लव्हज या हौशी स्पर्धेत हेवीवेट गटाचं अजिंक्यपद घेतलं. १९६४ मध्ये टोकियो ऑलिंपिक होतं. अमेरिकी संघाच्या निवड चाचणीत अंतिम लढतीत त्याची गाठ बस्टर मॅथिसशी पडली. मॅथिस म्हणजे साधारण एकशे पस्तीस किलोचा डोंगर, आणि तरी पायांनी विलक्षण चपळ. त्यानं चड्डी इतकी वर ओढून घातली होती, की फ्रेझर पोटावर मारू लागला तरी पंच 'कमरेखाली ठोसा' म्हणून ताकीद देत. मॅथिस गुणांवर जिंकला. फ्रेझर संघात नव्हता.

इथं हौशी आणि व्यावसायिक यांतला फरक सांगायला हवा. आपल्याकडे ऑलिंपिकच्या मुष्टियुद्धाची ओळख अधिक आहे. विजेंदर सिंगनं २००८ मध्ये बीजिंगला कांस्यपदक मिळवलं ते हौशी मुष्टियुद्धात, आणि व्यावसायिक रिंगणात तो २०१५ मध्ये उतरला. त्या काळी हौशी लढत तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची असे, व्यावसायिक जगज्जेतेपदाची पंधरा फेऱ्यांची. म्हणजे एकीकडे नऊ मिनिटं, दुसरीकडे पाऊण तास. आणि फ्रेझर होता जुन्या डिझेल इंजिनासारखा. तापायला वेळ घेई, पण एकदा तापला की थांबत नसे. पहिल्या दोन फेऱ्यांत तो मार खायचा आणि तिसरीत कुठं रंगात यायचा, तोवर हौशी लढत संपलेली असे. तीन फेऱ्यांच्या खेळात त्याच्यासारख्याचं नुकसान ठरलेलंच होतं.

चाचणी हरल्यावर तो खचला. पण प्रशिक्षकांनी समजूत घातली आणि तो राखीव खेळाडू म्हणून संघाच्या सरावाला गेला. राखीव खेळाडू म्हणजे कोण, हे ज्यानं शाळेच्या संघात बाकावर बसून काढलं आहे त्याला सांगायला नको. आणि मॅथिसच्या हाताला दुखापत झाली. राखीव खेळाडू टोकियोला निघाला.

तिथं पहिल्या लढतीत युगांडाचा ओयवेलो पहिल्याच फेरीत गारद झाला. दुसऱ्या लढतीत ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वीननं फ्रेझरलाच खाली पाडलं. तो उठला आणि तिसऱ्या फेरीत ती लढत त्यानं संपवली. उपांत्य फेरीत सोव्हिएत संघाचा येमेल्यानोव्ह समोर होता. दुसऱ्या फेरीत तोही थांबला, पण त्या लढतीत फ्रेझरच्या डाव्या अंगठ्याचं हाड मोडलं. डावा हात, म्हणजे त्याची सगळी पुंजी. त्यानं कोणाला सांगितलं नाही. क्ष-किरण तपासणीचं नाव काढलं असतं तर डॉक्टरांनी लढू दिलं नसतं. हात गरम पाण्यात शेकून तो अंतिम लढतीला उतरला. जर्मनीच्या हान्स हूबरविरुद्ध त्यानं नेहमीपेक्षा उजवा हात जास्त वापरला. निकाल पाच पंचांपैकी तीन विरुद्ध दोन असा त्याच्या बाजूनं लागला. टोकियोत मुष्टियुद्धात अमेरिकेला मिळालेलं ते एकमेव सुवर्णपदक.

सुवर्णपदक घेऊन माणूस घरी येतो तेव्हा पुढं काय होतं? फ्रेझरच्या बाबतीत असं झालं, की हात प्लास्टरमध्ये असल्यामुळे कत्तलखान्याचं काम करता येईना. बायको, लहान मुलं, आणि कमाई शून्य. एका चर्चच्या धर्मगुरूंनी त्याला झाडलोटीचं काम दिलं. ऑलिंपिक विजेता चर्चची फरशी पुसत होता. पदकाच्या मागे-पुढे धावणारे लोक पदकानंतर सहा महिन्यांनी कुठं असतात, हा प्रश्न फक्त आपल्या देशातला नाही.

१६ ऑगस्ट १९६५ रोजी फिलाडेल्फियात तो पहिली व्यावसायिक लढत लढला आणि पहिल्या फेरीतच जिंकला. पण व्यावसायिक मुष्टियोद्ध्याला तयार करायला पैसा लागतो. सरावाचे जोडीदार, प्रवास, खुराक, भाडं. शिवाय त्या काळी या धंद्यात गुन्हेगारी टोळ्यांचे हात खोलवर गेलेले होते. मुष्टियोद्धा रिंगणात रक्त सांडायचा आणि हिशेब दुसरेच करायचे. डरहॅमनं वेगळा मार्ग काढला. डिसेंबर १९६५ मध्ये शहरातल्या चाळीसेक लोकांनी मिळून 'क्लोव्हरले' नावाची कंपनी काढली. अडीचशे डॉलरला एक शेअर. कंपनी फ्रेझरला आठवड्याचा पगार देणार, खर्च उचलणार, आणि लढतीच्या मिळकतीतला अर्धा वाटा त्याचा. उरलेल्यात कंपनी आणि डरहॅम. एका माणसाच्या डाव्या हाताचे शेअर विकले गेले असं कोणी हसून म्हणेल. पण त्यामुळे त्याच्यामागे कुठलाही दादा उभा राहू शकला नाही, हे त्या काळात लहान नव्हतं.

डरहॅमनं आणखी एक शहाणपणाचं काम केलं. एडी फच या अनुभवी प्रशिक्षकाला त्यानं मदतीला बोलावलं. फ्रेझरची अडचण उंचीची होती. तो सहा फुटांनाही थोडा कमीच, हातही आखूड. हेवीवेटमधले बहुतेक जण त्याच्याहून उंच. ते लांबून सरळ ठोसे मारणार आणि याचे हात पोचणारच नाहीत. फचनं रिंगणात आडवी दोरी बांधली आणि तिच्याखालून डोकं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे काढत पुढं जायला लावलं. वाकायचं, सरकायचं, पुन्हा वर यायचं, आणि वर येतानाच डावा हूक सोडायचा. पाय, पाठ आणि खांदा यांचं सगळं बळ त्या एका हालचालीत येई. हे रोज, तासन्‌तास. टीव्हीवर ते सोपं दिसतं. ज्यांनी पन्नास बैठका सलग काढल्या आहेत त्यांनी पंधरा फेऱ्या असं करण्याची कल्पना करून पाहावी.

सप्टेंबर १९६६ मध्ये अर्जेंटिनाच्या ऑस्कर बोनाव्हेनानं त्याला दुसऱ्या फेरीत दोनदा खाली पाडलं. न्यूयॉर्कच्या नियमानुसार एका फेरीत तिसऱ्यांदा पडला असता तर लढत तिथंच संपली असती. तो टिकला आणि दहा फेऱ्यांनंतर निसटत्या निर्णयानं जिंकला. पुढच्या वर्षी जुलैत त्यानं कॅनडाच्या जॉर्ज शुव्हालोला चौथ्या फेरीत थांबवलं. आता तो जगज्जेतेपदाच्या उंबरठ्यावर होता. आणि नेमकं तेव्हा सिंहासनच रिकामं झालं.

२८ एप्रिल १९६७ रोजी महंमद अलीनं व्हिएतनाम युद्धाच्या काळात लष्करात भरती व्हायला नकार दिला. त्याचा परवाना गेला, किताब काढून घेतला गेला. ऐन उमेदीची साडेतीन वर्षं तो रिंगणाबाहेर होता. त्याच्या किताबासाठी एका संघटनेनं आठ जणांची स्पर्धा घेतली. फ्रेझर तिच्यात उतरला नाही. न्यूयॉर्कच्या मंडळानं वेगळी लढत ठेवली, ४ मार्च १९६८ ला, नव्यानं उघडलेल्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये. समोर होता तोच बस्टर मॅथिस. पण या वेळी फेऱ्या तीन नव्हत्या. सुरुवातीला मॅथिसच सरस वाटत होता. फ्रेझर पोटावर, बरगड्यांवर मारत राहिला. नऊ मिनिटं संपली, अठरा संपली, सत्तावीस संपली. अकराव्या फेरीत डावा हूक बसला आणि तो डोंगर कोसळला. फ्रेझर विजेता झाला, पण फक्त न्यूयॉर्क आणि आणखी काही मोजक्या राज्यांपुरता. फेब्रुवारी १९७० मध्ये त्यानं दुसऱ्या संघटनेचा विजेता जिमी एलिस याला इतकं मारलं, की तो पाचव्या फेरीला उठलाच नाही. आता सगळ्या जगानं त्याला हेवीवेट विजेता मानलं. म्हणजे कागदावर मानलं.

लोकांच्या मनातला विजेता अलीच होता. त्याला रिंगणात कोणी हरवलेलं नव्हतं. ऑलिंपिकला मॅथिसच्या जागी राखीव, आणि आता जगज्जेतेपदावर अलीच्या जागी राखीव, असं फ्रेझरचं झालं होतं. त्याला हे कळत होतं. म्हणूनच अलीला पुन्हा परवाना मिळावा, अशी मागणी त्यानं उघडपणे केली. बंदीच्या काळात आपण अलीला पैशाचीही मदत केली, असं तो सांगत असे. दोघांचं बोलणं-चालणं होतं, एका मोटारीतून फिलाडेल्फिया ते न्यूयॉर्क असा गप्पा मारत प्रवासही झालेला होता.

लढत ठरली आणि अलीची जीभ सुटली. त्याची जीभ त्याच्या मुठींइतकीच वेगवान होती हे आपल्याला कौतुकानं सांगितलं जातं. तिचा मार कोणाला बसला, ते सहसा सांगत नाहीत. फ्रेझर हा 'अंकल टॉम' आहे, म्हणजे गोऱ्यांची हांजी हांजी करणारा काळा आहे, असं तो जागोजागी म्हणू लागला. काळ्या माणसांपैकी फ्रेझरच्या बाजूनं जो असेल तो टॉमच, इथवर मजल गेली. वास्तविक अलीचं बालपण लुईव्हिल शहरात, साइनबोर्ड रंगवणाऱ्या बापाच्या घरी, तुलनेनं बऱ्या स्थितीत गेलेलं. त्याच्या सुरुवातीच्या कारकिर्दीला पैसा पुरवला तोही अकरा गोऱ्या धनिकांनी. मजुराच्या पोटी जन्मून गोऱ्या मालकाला उलट उत्तर दिल्यामुळे गाव सोडावं लागलं ते फ्रेझरला. पण फ्रेझरकडे शब्द नव्हते. त्याला धमक्या आल्या, पोलीस पहारा बसवावा लागला, शाळेत मुलांना टोमणे ऐकावे लागले. अली थोर होता, युद्धाला नकार देताना त्यानं जे गमावलं ते थोड्या माणसांनी गमावलं असेल. तरीही या बाबतीत तो चुकला, असं माझं स्पष्ट मत आहे.

८ मार्च १९७१, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. दोघेही अपराजित, दोघेही ऑलिंपिक सुवर्णपदक विजेते, प्रत्येकाला पंचवीस लाख डॉलर. त्या काळी हा आकडा ऐकून माणसं अवाक होत. प्रेक्षागारात वीस हजारांवर माणसं. गायक फ्रँक सिनात्रा रिंगणाजवळ कॅमेरा घेऊन 'लाइफ' नियतकालिकासाठी फोटो काढत होता. पहिल्या फेऱ्या अलीच्या. लांबून सटासट ठोसे, फ्रेझरचा चेहरा सुजत चाललेला. फ्रेझर वाकत, डोलत, पुढंच येत राहिला. अकराव्या फेरीत डाव्या हूकनं अलीचे गुडघे लटपटले. आणि पंधराव्या, शेवटच्या फेरीच्या सुरुवातीलाच फ्रेझरनं तो ठोसा मारला. जणू जमिनीवरून उचलून आणलेला डावा हूक, सरळ जबड्यावर. अली पाठीवर पडला. तो लगेच उठला हेही खरं, आणि त्या ठोशानंतर उठणारे फार नसतात. पण निर्णय तिन्ही पंचांनी एकमुखानं फ्रेझरच्या बाजूनं दिला. अलीचा जबडा सुजून फुगला होता, विजेता फ्रेझर पुढे काही दिवस रुग्णालयात होता.

त्यानंतर महिन्याभरात, एप्रिल १९७१ मध्ये, दक्षिण कॅरोलायनाच्या विधिमंडळानं त्याला भाषणासाठी बोलावलं. यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या काळानंतर त्या सभागृहात बोलणारा तो पहिला काळा माणूस. ज्या राज्यातून बस पकडून निघून जावं लागलं होतं, तिथले आमदार आता त्याचं ऐकायला बसले होते. आईसाठी त्यानं तिथंच मोठी शेतजमीन घेतली.

विजेतेपद २२ जानेवारी १९७३ ला गेलं. जमैकातल्या किंग्स्टनमध्ये जॉर्ज फोरमननं दोन फेऱ्यांत त्याला सहा वेळा खाली पाडलं. प्रत्येक वेळी तो उठला. त्याच वर्षी डरहॅम वारला. १९७४ मध्ये अलीनं त्याला गुणांवर हरवलं. उरली ती मनिला.

१ ऑक्टोबर १९७५, फिलिपिन्समधला तो दमट, तापलेला सकाळचा प्रहर. अलीनं या वेळी फ्रेझरला 'गोरिला' म्हणून हिणवलं होतं, रबरी बाहुलं हातात घेऊन पत्रकारांना हसवलं होतं. चौदा फेऱ्या दोघांनी एकमेकांना मारलं. फ्रेझरचा उजवा डोळा सुजून मिटत आला. लोकांना वाटत होतं, डावा तरी आहे. त्या डाव्या डोळ्यात बऱ्याच वर्षांपासून मोतीबिंदू होता. त्या डोळ्यानं त्याला धड दिसतच नव्हतं. कारकिर्दीतल्या डोळ्यांच्या तपासण्या आपण युक्तीनं कशा निभावल्या, ते त्यानं १९९६ च्या आत्मचरित्रात सांगितलं आहे. म्हणजे उजवा डोळा मिटल्यावर तो जवळपास आंधळा लढत होता, आणि लढायचं म्हणत होता. चौदाव्या फेरीनंतर एडी फचनं त्याला उठू दिलं नाही. फ्रेझरनं विरोध केला. फचनं ऐकलं नाही. त्यानं रिंगणात मेलेली माणसं पाहिली होती, आणि समोर बसलेल्या माणसाची मुलंबाळं त्याला माहीत होती. माझ्या मते त्या दिवशीचा सर्वांत शहाणा निर्णय तो होता. त्या लढतीइतकं मृत्यूच्या जवळ आपण कधी गेलो नव्हतो, असं अलीनंही नंतर बोलून दाखवलं.

१९७६ मध्ये फोरमनकडून पुन्हा हरल्यावर फ्रेझर निवृत्त झाला. १९८१ मध्ये एक लढत लढला, ती बरोबरीत सुटली. एकूण सदतीस लढती, बत्तीस विजय, चार पराभव. ते चारही पराभव फक्त दोघांकडून, अली आणि फोरमन.

आता पायऱ्या आणि मांसाची गोष्ट. १९७६ मध्येच 'रॉकी' चित्रपट आला. फिलाडेल्फियाचा एक गरीब मुष्टियोद्धा, लटकत्या मांसावर ठोसे मारतो, संग्रहालयाच्या पायऱ्या धावत चढतो. आपली ही गोष्ट उचलली, असं फ्रेझर उघड म्हणत असे. त्या चित्रपटात तो स्वतः क्षणभर दिसतोही. 'रॉकी ३' साठी त्या काल्पनिक वीराचा ब्राँझचा पुतळा बनवला गेला, आणि २००६ मध्ये शहरानं तो त्याच पायऱ्यांच्या पायथ्याशी बसवला. तेव्हा खरा विजेता त्याच शहरात, नॉर्थ ब्रॉड स्ट्रीटवरच्या स्वतःच्या व्यायामशाळेत राहत होता. क्लोव्हरलेनं त्याच्या सरावासाठी घेतलेली ती इमारत. पुढे ती त्याचीच झाली आणि तिथं तो गल्लीतल्या पोरांना शिकवायचा. मुलगा मार्व्हिसही तिथंच घडला. पैसा राहिला नव्हता. त्याच इमारतीच्या वरच्या खोल्यांत त्यानं मुक्काम केला. २००८ मध्ये ती व्यायामशाळा बंद पडली आणि पुढे तिथं फर्निचरचं दुकान आलं.

२००१ मध्ये अलीनं एका वर्तमानपत्राच्या मुलाखतीत, रागाच्या भरात नको ते बोललो म्हणून माफी मागितली. फ्रेझरचं म्हणणं, माफी मला मागायची, वर्तमानपत्राला नाही. त्यानं माफ केलं की नाही, यावर त्याची उत्तरं पुढे बदलत राहिली. ७ नोव्हेंबर २०११ रोजी यकृताच्या कर्करोगानं तो गेला, सदुसष्टाव्या वर्षी. अंत्यविधीला अली आला होता. कंपवातानं त्याला उभं राहणं कठीण झालं होतं, तरी तो आला.

२०१३ मध्ये त्या व्यायामशाळेच्या इमारतीची नोंद अमेरिकेच्या राष्ट्रीय वारसा स्थळांच्या यादीत झाली. दर्शनी भागावर फ्रेझरचं नाव दगडात कोरलेलं तसंच होतं. १२ सप्टेंबर २०१५ ला दक्षिण फिलाडेल्फियात त्याचा बारा फुटी ब्राँझचा पुतळा उभा राहिला. शिल्पकारानं क्षण निवडला तो ८ मार्च १९७१ च्या रात्रीचा, पंधराव्या फेरीतला. अली नुकताच खाली पडला आहे. तो पुतळ्यात दाखवलेला नाही. दिसतो तो फ्रेझर, आणि ठोसा मारून झाल्यावर अजून खाली न आलेला त्याचा वाकलेला डावा हात.